अंगण सरळ करून घेतलं: कस्टम रायफलचं पहिलं वर्ष

प्रश्न असा आहे: "मी ह्यूस्टनजवळ राहतो. कॉलेजात असताना बालेवाडीला .२२ प्रोन (छोट्या बोअरच्या रायफलने पालथं झोपून मारायचा प्रकार) खेळायचो. आता ग्रीन कार्ड हातात आलंय आणि १००० यार्डांच्या नेमबाजीत उतरायचं मनात आहे. तुम्ही गेल्या वर्षी लाँग रेंजची कस्टम रायफल बनवून घेतलीत. पैशांचं चीज झालं का? आणि मी थेट तिथूनच सुरुवात केली तर?"

चीज झालं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र "नको" असं आहे. ते का, हे कळायला आधी माझं वर्ष कसं गेलं ते ऐकावं लागेल.

मी मूळचा टूलरूमवाला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सहा वर्षं लेथवर आणि ग्राइंडरवर काढली, मग इकडे आलो. आता फिनिक्सला असतो. अकरा वर्षं लांब पल्ल्याची नेमबाजी करतोय आणि त्यातली बहुतेक वर्षं एकाच रायफलवर गेली, ती म्हणजे फिनलंडची टिक्का टी३एक्स, ६.५ क्रीडमूर काडतुसाची. दुकानातून उचलली, स्कोप बसवला, मारायला लागलो. तिच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नव्हती आणि आजही नाही. मग नवी कशाला? खरं सांगायचं तर हौस. आयुष्यभर दुसऱ्यांचे जॉब मायक्रॉनमध्ये मोजून दिले, एकदा आपल्यासाठी कुणीतरी मोजून द्यावं असं वाटलं.

नव्या रायफलीचा नकाशा साधाच आहे. ॲक्शन (काडतूस आत ढकलणारा बोल्ट जिच्यात सरकतो तो रायफलीचा गाभा) मोंटानातल्या डिफायन्सची, बाहेरची मापं रेमिंग्टन ७०० ची. ही मापं १९६२ पासून बाजारात आहेत, त्यामुळे दस्ता, ट्रिगर, मॅगझिन सगळं त्यांवर बसेल असंच मिळतं. बॅरल, म्हणजे नळी, विस्कॉन्सिनच्या बार्टलाइनची, स्टेनलेस, २६ इंच, जाड, आतला पीळ आठ इंचांत एक वेढा घेणारा. ट्रिगर कॅनडाचा ट्रिगरटेक, साधारण ३४० ग्रॅमवर लावलेला. चॅसी (दस्त्याच्या जागी बसणारा धातूचा सांगाडा) एमडीटीची, तीही कॅनडाचीच. वर नाइटफोर्सचा स्कोप आणि पुढे मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचं, धक्का कमी करणारं नळकांडं). काडतूस पुन्हा ६.५ क्रीडमूरच ठेवलं. स्पर्धेतली मंडळी आता ६ मिलिमीटरच्या काडतुसांकडे वळली आहेत, धक्का कमी बसतो म्हणून. पण माझ्याकडे आधीच्या केसेसचे (काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचे) डबे भरलेत, आणि कधी घरी भरायला वेळ नाही झाला तर कोपऱ्यावरच्या दुकानात तयार पेटी मिळते. स्कोप धरून वजन भरलं ८ किलो ६०० ग्रॅम. खांद्यावर टाकून डोंगर चढायची ही वस्तू नव्हे. गाडीतून उतरवायची आणि जमिनीवर ठेवायची.

पैसे नेमके कुठे जातात, हे मला लेथमुळे जास्त कळलं असं वाटतं.

कस्टम बॅरलच्या आत, गोळीला फिरकी देणारा पीळ पाडायच्या दोन मुख्य रीती. एकीत कार्बाइडचं बटण नळीतून जोरात ओढतात किंवा ढकलतात. धातू कापला जात नाही, दाबला जातो. काम झटपट होतं, पण दाबलेल्या धातूत ताण शिल्लक राहतो आणि तो भट्टीत काढावा लागतो. दुसरी रीत जुनी: एकच हुकासारखं हत्यार, दर फेरीला इंचाचा जेमतेम दहा हजारावा भाग खरवडत नेतं आणि शेकडो फेऱ्यांनंतर चार थाउ (इंचाचे हजारावे भाग) खोलीचे खाचे तयार होतात. बार्टलाइन ही दुसरी रीत वापरते. बटणाच्या बॅरलही जागतिक स्पर्धा जिंकतात, तेव्हा एकीला सोनं आणि दुसरीला पितळ म्हणायचं कारण नाही. पण उद्यमनगरातून आलेल्या माणसाला सावकाश खरवडलेली नळीच आवडणार.

खरी कारागिरी त्यानंतरची. एवढं लांब आणि बारीक भोक कुठल्याही यंत्रावर पाडा, ते किंचित वाकडं जातंच. बाहेरून नळी सुतासारखी सरळ दिसते, आत मध्यरेषा थोडी भटकलेली असते. आता काडतुसाचा कप्पा, म्हणजे चेंबर, कोरताना तुम्ही बॅरलच्या बाहेरच्या अंगाला धरून मध्य काढला तर गोळी पिळात शिरताना जरा तिरकी शिरणार. म्हणून माझ्या गनस्मिथने फोर जॉ चकमध्ये (लेथच्या चार जबड्यांच्या पकडीत) बॅरल धरली, लांब काडीचा डायल (बारीक फरक दाखवणारं मापयंत्र) नळीच्या आत घातला आणि गोळी जिथे पहिल्यांदा पिळाला भिडते त्या घशापाशीच रनआउट (फिरताना येणारं डोलणं) काढला. अर्ध्या थाउच्या आत, म्हणजे बारा-तेरा मायक्रॉन. मग रीमर, म्हणजे चेंबर कोरायचं हत्यार. मी तिथे उभा राहून पाहिलं. एकदा डायलची सुई अजिबात हलेना, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. आमच्या फोरमनचीही अगदी हीच सवय होती.

कारखान्यातली रायफल अशी कोणी बनवत नाही, बनवूही शकत नाही. तिथे हेच सगळं टॉलरन्सच्या (चालण्याजोग्या फरकाच्या) पट्ट्यात बसवतात आणि बहुतेक वेळा छान बसतं. तुमच्या वाट्याला पट्ट्याच्या मधली आली तर नशीब, कडेची आली तरी ती वापरण्याजोगी असतेच. कस्टमचे जादा पैसे हा नशिबाचा भाग काढून टाकण्यासाठी असतात.

सात महिने लागले. कबूल तीन केले होते. लिहून घेतलेली तारीख गनस्मिथच्या भिंतीवर लटकत राहते आणि आपण आपल्या घरी लटकत राहतो, हे गृहीत धरा. एक माहिती कामाची: इथल्या संघीय कायद्याच्या नजरेत फक्त ॲक्शन म्हणजे बंदूक, आणि अनुक्रमांकही तिच्यावरच असतो. बॅरल, ट्रिगर, चॅसी पोस्टाने थेट घरी येतात. ॲक्शन परवानाधारक विक्रेत्याकडेच येते, तिथे ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमी तपासणी व्हायची, मग ती हातात.

आणि एवढं सगळं होऊन पहिल्याच दिवशी रायफल अडली. बोल्ट पुढे ढकलला की दर चार-पाच काडतुसांत एकदा तो काडतुसाच्या डोक्यावरून नुसताच घसरून जायचा, रिकामा. साडेचार हजार डॉलरची रायफल (स्कोप सोडून), आणि खेळण्यातल्या बंदुकीसारखी रुसून बसलेली! मॅगझिन अगदी थोडं खाली बसत होतं, एवढंच. चॅसीचा खटका आणि ॲक्शन वेगवेगळ्या घरच्या, दोघांची मापं आपापल्या जागी बरोबर आणि एकत्र आल्यावर जेमतेम. बनवणाऱ्याने जोडून पाहिली होती, पण भरलेल्या मॅगझिनने चालवून पाहिली नव्हती. दुरुस्ती दहा मिनिटांची होती, मनस्ताप दोन आठवड्यांचा. टिक्काने इतक्या वर्षांत हे एकदाही केलं नाही. कस्टम घेताना लोक हे विसरतात: अनेक उत्तम भाग एकत्र आणले की संसार आपोआप उत्तम होतो असं नाही. रायफल ताब्यात घेण्याआधी तुमच्याच मॅगझिनमधून डमी काडतुसं चालवून बघा.

आता ग्रुपबद्दल, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्या कागदावर किती पसरतात त्याबद्दल. तुम्ही जिथे जाल तिथे कोणीतरी खिशातून कागद काढून दाखवेल: तीन गोळ्या, एकमेकींत घुसलेल्या. दाद द्या आणि पुढे चला. तीन गोळ्यांचा ग्रुप म्हणजे तीन नातेवाइकांना विचारून निवडणुकीचा निकाल सांगणं. त्याच रायफलने, त्याच माणसाने दहा मारल्या तर ग्रुप सरासरीने दीडपटीहून जास्त मोठा येतो, वीस मारल्या तर दुपटीच्या जवळ जातो. रायफल बिघडलेली नसते, फक्त जास्त खरं बोलायला लागलेली असते. मी दोन्हींवर दहा-दहाचे पाच ग्रुप मारून सरासरी काढली. टिक्का १०० यार्डांवर एक इंचाला जरा कमी. नवी सहा दशांश इंच. फरक आहे, खरा आहे. पण जाहिरातीत वाचतो तसा जमीन-अस्मानाचा नाही.

हा फरक १००० यार्डांवर किती उरतो, ते तुमच्या भाषेत सांगतो. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं ते त्याच वर्तुळावर, आणि २०२४ मध्ये पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक घेतलं तेही त्याच्यावरच. ते वर्तुळ तोच कोन ठेवून १००० यार्डांपर्यंत ताणत नेलं तर त्याचा व्यास होतो साडेसात इंच. आणि ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेन वजनाची चांगली गोळी ताशी एक मैलाच्या आडव्या वाऱ्याने तिथे सुमारे सात इंच सरकते. एक मैल म्हणजे किती? गालाला लागत नाही, गवत हलत नाही, उदबत्तीचा धूर तेवढा कलतो. तुमचा अंदाज एवढ्यानं चुकला की पूर्ण दहाचं वर्तुळ गेलं. माझा अंदाज चांगल्या दिवशीही दीड-दोन मैलांनी चुकतो. चौदा इंच! त्यापुढे एक इंचाची रायफल आणि सहा दशांशांची रायफल यांचं भांडण कुठे उरतं?

मग चीज कशाचं झालं?

गेल्या नोव्हेंबरमधली एक सकाळ सांगतो. फिनिक्सच्या उत्तरेला बेन ॲव्हरी म्हणून मोठी सार्वजनिक रेंज आहे, तिथे १००० यार्ड मिळतात. वीस इंचांची पोलादी पाटी. पहिली गोळी पाटीच्या डावीकडे, हातभर लांब. दुसरी तिथेच. तिसरीही, जवळजवळ त्याच धुळीत. टिक्कावर असं झालं असतं तर मी काय केलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण वर्षानुवर्षं तेच केलं. म्हटलं असतं की बॅरल तापली असेल, ती पातळ आहे. किंवा ट्रिगर ओढताना हात गेला असेल. किंवा ही पेटीच वाईट. नाचता येईना अंगण वाकडे. मजा म्हणजे टिक्काचं अंगण खरोखरच किंचित वाकडं होतं, त्यामुळे हे म्हणणं कधी खोटं ठरायचं नाही. दर चुकीला तीन-चार आरोपी, आणि पुराव्याअभावी सगळे सुटायचे.

या सकाळी आरोपी एकच उरला. तीन गोळ्या एकाच जागी पडल्यात म्हणजे रायफल ठीक, हात ठीक, काडतुसातली दारू ठीक. वारा मी चुकीचा वाचलाय. स्कोपची नजर पाटीवरून काढून अलीकडे आणली, चारशे यार्डांवर रोखली, तर तिथलं मृगजळ (तापल्या हवेची थरथर, वाऱ्याबरोबर वाहते ती) उलट्या दिशेने वाहत होतं. पाटीजवळचं निशाण मला डावीकडचा वारा सांगत होतं आणि मी त्याच्यावर विसंबलो होतो. माझ्या पुढ्यातला वारा उजवीकडून येत होता. आणि नेमबाजाजवळचा वारा जास्त नडतो, कारण सुरुवातीलाच गोळीची वाट कलली की तो कल पुढच्या सगळ्या अंतरात वाढत जातो. हे मी लोकांना शिकवतो! पण स्वतः इतकी वर्षं पाटीजवळच्याच निशाणाकडे बघत आलो होतो, हे मला त्या तीन गोळ्यांनी दाखवलं. स्कोपचा कांटा (नेम सरकवायची चकती) सुधारला. चौथी गोळी, दीड सेकंद प्रवास, पाटी हललेली दिसली, आणि ट्रिगर ओढल्यापासून चारेक सेकंदांनी बारीकसं "ठण्" ऐकू आलं.

चुकलेली गोळी काहीतरी सांगते आणि ते ऐकता येतं, याचे मी पैसे मोजले. मोजताना मात्र हे माहीत नव्हतं.

यात वजन आणि मझल ब्रेकचा वाटा मोठा आहे. टिक्का हलकी. गोळी सुटली की स्कोपमध्ये आकाश दिसायचं, आणि परत खाली येईपर्यंत धूळ बसलेली. शेजाऱ्याला विचारायचं, कुठे गेली? नवी जागेवरून हलत नाही म्हटलं तरी चालेल. गोळी हवेतून जाताना मागे काचेसारखी थरथरती रेघ उमटते, ती पहिल्यांदा मी स्वतःच्या गोळीमागे पाहिली. किंमत शेजारचे मोजतात. ब्रेकचा दणका बाजूला फेकला जातो, त्यामुळे माझ्या उजव्या-डाव्या हाताला कोणी खुशीने झोपत नाही. कानात बोंडं घालून वर कर्णरक्षक, दोन्ही, नेहमी.

माझी आणखी एक खोड उघडी पडली. ग्रुप उभे लांबट यायचे. बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) अंगाचा भार मी कधी जास्त टाकायचो, कधी कमी. जुन्या रायफलीच्या गर्दीत हे लपून गेलं होतं.

क्रीडमूर या नावाची गोष्ट इथे आठवते. काडतूस हॉर्नाडीने २००७ साली आणलं, पण नाव न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरच्या जुन्या रेंजचं. तिथे सप्टेंबर १८७४ मध्ये आयर्लंड आणि अमेरिकेचा सामना झाला, ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश संघाच्या रायफली तोंडाकडून भरायच्या, अमेरिकनांच्या मागून भरायच्या नव्या. अमेरिका जिंकली ९३४ विरुद्ध ९३१. तीन गुण फक्त! आणि आयरिशांपैकी एकाने एक सुंदर गोळी मधोमध मारली होती, पण शेजारच्या दुसऱ्याच निशाणावर. त्याचे शून्य मिळाले. त्या काळी रायफलीला दोष द्यायची चांगली सोय होती, पण या गोळीबाबत तीही नव्हती.

काही बारीकसारीक. नवी बॅरल पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांत वेग वाढवते. माझी सेकंदाला जवळपास ४५ फुटांनी वाढली आणि मग थांबली. दहा फुटांचा फरक १००० यार्डांवर अडीच-तीन इंच वरखाली करतो, म्हणजे सुरुवातीलाच उंचीचे आकडे लिहून ठेवले असते तर सगळा तक्ता वाया. दोनशे होईपर्यंत नुसता सराव करा. दुसरं, बोअरस्कोप (नळीच्या आत डोकावायची दुर्बीण) विकत घेऊ नका. मी घेतला. ८०० गोळ्यांनंतर नळीचा घसा आतून उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा भेगाळलेला दिसला आणि तीन रात्री नीट झोप नाही. ग्रुप मात्र जसाच्या तसा. आता १४०० झाल्या, अजूनही तसाच. ही बॅरल अडीच-तीन हजारांपर्यंत जाईल असा हिशोब आहे.

हा हिशोबच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. चांगलं तयार काडतूस पावणेदोन-दोन डॉलरला पडतं. एक बॅरल संपेपर्यंत पाच हजारांची काडतुसं उडतात. नवी बॅरल बसवून आठ-नऊशे. म्हणजे बॅरल ही गाडीच्या टायरसारखी, आणि खरा खर्च पेट्रोलचा. तुमच्याकडे आज सात-आठ हजार असतील आणि ते सगळे रायफल नि स्कोपमध्ये घातलेत, तर उरलेलं वर्ष तुम्ही तिला तेल लावत बसाल. त्याऐवजी हजार-बाराशेची टिक्का किंवा तिच्या तोडीची कुठलीही घ्या, स्कोपला मात्र कंजुषी करू नका. कांटा फिरवला तेवढाच नेम सरकायला हवा आणि परत शून्यावर यायला हवा. स्कोप पुढच्या रायफलीवर चढवता येतो. बाकीच्या पैशांच्या गोळ्या. दीड हजार गोळ्यांनंतर वाऱ्याच्या वहीत काहीतरी जमा झालेलं असेल आणि आपण नक्की कुठे चुकतो हे विचारावंसं वाटू लागेल. तेव्हा गनस्मिथचा दरवाजा ठोठवा. त्याआधी अंगण सरळ करून काय करणार, पावलंच यायची आहेत.

.२२ चे दिवस वाया गेले नाहीत, हेही सांगतो. श्वास आणि ट्रिगर तुम्हाला येतो, आणि गोळी सुटल्यावर क्षणभर तसंच पडून राहणंही. इथल्या निम्म्या लोकांना ते येत नाही. विसरायचं ते एवढंच की आता कोट, पट्टा आणि भरपूर वेळ नाही. पुढेमागे पीआरएसच्या (प्रिसिजन रायफल सीरीज) सामन्यांना गेलात तर दीड-दोन मिनिटांत दहाएक गोळ्या, त्याही कधी लाकडी अडसरावर टेकून, कधी टायरच्या ढिगावर.

तुमच्या एखाद्या एच-१बीवाल्या मित्रालाही मोह होईल, त्याला वेळीच थांबवा. त्या व्हिसावर संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला बंदी आहे, वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. त्याने वकिलाला विचारल्याशिवाय रेंजवर भाड्याच्या रायफलीलाही हात लावू नये. छंदापायी व्हिसा गमावणं परवडणारं नाही.

हिवाळ्यात फिनिक्सला येणं झालं तर शनिवारी पहाटे बेन ॲव्हरीला या, ऊन चढायच्या आत, मृगजळ उकळायला लागायच्या आधी. दोन पेट्या स्वतःच्या आणा. नवी मारायला देईन, पण शेवटच्या दहा गोळ्यांना. आधीच्या तीस टिक्कावर.